फ्लाकोचे दोन हिवाळे : सेंट्रल पार्कमधल्या एका घुबडाचं प्रकरण

२ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री साडेआठच्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या सेंट्रल पार्क प्राणिसंग्रहालयाच्या कर्मचाऱ्यांच्या लक्षात आलं, की घुबडाच्या पिंजऱ्याची पोलादी जाळी कुणीतरी कापली आहे आणि आत घुबड नाही. थोड्याच वेळात ते सापडलं, तेही पार्कला लागून असलेल्या फिफ्थ ॲव्हेन्यूच्या फुटपाथवर. महागड्या दुकानांच्या झगमगाटात, पोलिसांच्या कोंडाळ्यात ते बावरून बसलं होतं. पकडण्यासाठी पिंजरा आणून ठेवला, पण पठ्ठ्यानं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग ते उडालं आणि पार्कच्या झाडीत गेलं.

या घुबडाचं नाव फ्लाको. युरेशियन शृंगी घुबड, नर. जन्म १५ मार्च २०१० चा, नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या सिल्व्हन हाइट्स पक्षी उद्यानातला. पिल्लू असतानाच त्याची रवानगी न्यूयॉर्कला झाली आणि पुढची जवळजवळ तेरा वर्षं ते एका बसथांब्याएवढ्या पिंजऱ्यात राहिलं. मागच्या भिंतीवर डोंगरदऱ्यांचं चित्र रंगवलेलं. पंख पसरले की सहा फुटांच्या आसपास भरणारा हा पक्षी, आणि त्याला लांब उडायला जागाच नव्हती. स्वतः शिकार करण्याचा तर प्रश्नच नव्हता. मेलेले उंदीर आयते मिळत.

पिंजऱ्याबाहेर फ्लाको एक वर्ष आणि तीन आठवडे जगला. २३ फेब्रुवारी २०२४ ला मॅनहॅटनच्या पश्चिम भागातल्या एका इमारतीच्या आवारात तो पडलेला सापडला. मधल्या काळात तो शहराचा लाडका झाला, वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला, त्याच्या नावानं कायदासुद्धा झाला. बहुतेकांनी ही गोष्ट स्वातंत्र्याची म्हणून सांगितली. मला ती सार्वजनिक बागेच्या व्यवस्थापनाची केस म्हणून जास्त महत्त्वाची वाटते. एका हिवाळ्यात घेतलेला एक निर्णय, त्याचा दुसऱ्या हिवाळ्यात लागलेला निकाल, आणि या दोन्हींच्या मध्ये कुणीही पुन्हा न उघडलेली फाइल.

पार्क आणि तिथला हिवाळा

सेंट्रल पार्कचा पसारा ८४३ एकरांचा. चारही बाजूंनी उंच इमारती आणि मधोमध हा लांबट हिरवा पट्टा. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स या दोघांच्या आराखड्यावरून तो तयार झाला. इथलं जंगल, टेकाडं, तळी, बरंचसं माणसानं रचलेलं आहे. पार्क लोकांना पहिल्यांदा खुला झाला तोही हिवाळ्यातच: डिसेंबर १८५८ मध्ये तळ्यावर बर्फ धरलं आणि लोक त्यावर स्केटिंग करायला आले. बाकीच्या पार्कचं काम तेव्हा चालूच होतं.

आपल्याकडे थंडी म्हणजे बागेत गर्दीचा हंगाम. तिथे उलटं असेल असं आपल्याला वाटतं, पण पक्षी पाहणाऱ्यांसाठी तिथलाही हिवाळा भरगच्च असतो. पानगळ झाल्यावर झाडं उघडी पडतात आणि एरवी पानांत दडलेलं सगळं दिसायला लागतं. डिसेंबरात पक्षीगणना होते. १९०० साली फ्रँक चॅपमन यांनी नाताळच्या दिवशी पक्षी मारण्याच्या जुन्या चढाओढीऐवजी पक्षी मोजण्याची कल्पना मांडली. पहिल्या वर्षी सत्तावीस जणांनी पंचवीस ठिकाणी मोजणी केली, आणि सेंट्रल पार्क त्या पंचवीसांपैकी एक होता. तिथे ती मोजणी अजून चालते. कडाक्याच्या थंडीत माणसं गटागटांनी पार्कचे भाग वाटून घेतात आणि चिमण्याकबुतरांसकट सगळं टिपून आणतात.

हवामानाच्या नोंदीही याच पार्कात होतात, आणि त्या १८६९ पासूनच्या आहेत. म्हणून एक गोष्ट नेमकी सांगता येते. त्या हंगामातला मोजण्याजोगा पहिला बर्फ १ फेब्रुवारी २०२३ ला पडला. इतका उशिरा तो नोंदी सुरू झाल्यापासून कधीच आला नव्हता. दुसऱ्याच दिवशी पिंजऱ्याची जाळी कापली गेली, आणि लगेच ध्रुवावरच्या वाऱ्यांनी शहर गारठलं. ४ तारखेच्या पहाटे पार्कातलं तापमान उणे १६ अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं. फ्लाकोची ती बाहेरची दुसरी रात्र.

लोकांना वाटलं, आता हा गोठून मरणार. खरं तर थंडीचा प्रश्न सगळ्यात लहान होता. ही जात स्पेनपासून सायबेरियापर्यंत पसरलेली आहे, असल्या थंडीसाठीच तिची पिसं असतात. प्रश्न पोटाचा होता.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. हे शहर घुबडासाठी आधीपासूनच वेडं झालेलं होतं. २७ जानेवारी २०२१ ला पार्कच्या नॉर्थ मेडो मैदानावर एक हिमघुबड उतरलं. पार्कातली त्याआधीची नोंद १८९० ची! बघ्यांची ही रीघ लागली. त्याच सुमाराला 'बॅरी' नावाची बार्ड आउल जातीची मादी पार्कात मुक्कामाला होती आणि रोज संध्याकाळी लोक तिला पाहायला जमत. करोनाच्या काळात घराबाहेर जाण्याचं एकमेव निमित्त म्हणून हजारो लोकांनी दुर्बिणी घेतल्या होत्या. कोणता पक्षी कुठल्या झाडावर आहे ते मिनिटामिनिटाला सांगणारी 'मॅनहॅटन बर्ड अलर्ट'सारखी ट्विटर खाती जोरात होती. तेव्हा फ्लाकोला प्रेक्षक मिळवावे लागले नाहीत, ते तयारच होते.

बॅरीचं पुढे काय झालं हेही इथेच सांगून टाकतो, कारण पुढे ते लागणार आहे. ६ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे पार्कच्या देखभालीच्या गाडीला धडकून ती मेली. शवविच्छेदनात तिच्या शरीरात ब्रोमाडिओलोन या उंदीरनाशकाचं जिवावर बेतेल इतकं प्रमाण सापडलं. म्हणजे धडक बसली नसती तरी तिचं काही खरं नव्हतं, आणि कदाचित त्या विषानंच ती गाडी चुकवण्याइतकी चपळ उरली नसेल. फ्लाको सुटला तेव्हा हा अहवाल जगजाहीर होता.

दोन आठवडे आणि एक निर्णय

प्राणिसंग्रहालय चालवणाऱ्या वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन सोसायटीनं त्याला पकडायचे सगळे नेहमीचे प्रयत्न केले. माणसं पाळतीवर ठेवली, आमिषाला उंदीर लावले, सापळे मांडले, शृंगी घुबडाच्या ध्वनिमुद्रित हाका वाजवल्या. पहिले काही दिवस फ्लाको पार्कच्या आग्नेय कोपऱ्यातल्या हॅलेट अभयारण्याच्या आसपासच घोटाळत होता. सुमारे चार एकरांचा हा झाडीचा तुकडा प्राणिसंग्रहालयापासून हाकेच्या अंतरावर आहे. ९ फेब्रुवारीला तो एका सापळ्यावर उतरलाही, क्षणभर अडकल्यासारखा झाला आणि निसटला. त्यानंतर तो अर्थातच सावध झाला.

सुरुवातीला त्याचं उडणंसुद्धा बेताचं होतं. फांदीवर उतरताना अंदाज चुकायचा, थकून बसायचा. पाहणाऱ्यांनी ही सुधारणा दिवसागणिक टिपली आहे. मग कुणालातरी तो गुळणी टाकताना दिसला. घुबड भक्ष्य शक्यतो अख्खं गिळतं आणि न पचलेली हाडं, केस यांचा गोळा काही तासांनी तोंडावाटे बाहेर टाकतं. ताजा गोळा याचा अर्थ ताजी शिकार. १२ फेब्रुवारीला संस्थेनं जाहीर केलं, की फ्लाको स्वतः शिकार करून खातो आहे. तेरा वर्षं आयतं खाल्लेल्या पक्ष्यानं दहा दिवसांत उंदीर मारायला शिकावं, हे खरोखरच थक्क करणारं होतं. उपजत बुद्धीबद्दल आपण बोलतो खूप, पण ती अशी उघड्यावर काम करताना सहसा दिसत नाही.

एव्हाना 'फ्लाकोला सोडा' म्हणून ऑनलाइन अर्ज फिरत होता आणि हजारो सह्या जमल्या होत्या. १७ फेब्रुवारीच्या सुमारास संस्थेनं पकडण्याचे प्रयत्न थांबवले. त्यांच्या निवेदनाचा मथितार्थ असा: आम्ही लक्ष ठेवू, पण पूर्वीइतकं कसून नाही, आणि योग्य परिस्थिती आली तर संधी साधून त्याला परत आणू.

या केसचा कणा हा आहे, म्हणून इथे थोडं थांबू. संस्थेपुढे वाटा तीन होत्या. प्रयत्न चालू ठेवणं: पण रोज शेकडो माणसं झाडाखाली उभी, पक्षी सापळ्याला सरावलेला, आणि पकडताना तो जखमी झाला असता तर शहरानं संस्थेला फाडून खाल्लं असतं. दुसरी वाट, तो आता मुक्त आहे असं जाहीर करून मोकळं होणं. हे कागदावर जमणारं नव्हतं. शृंगी घुबड अमेरिकेतलं नाही. परक्या देशातला शिकारी पक्षी आपणहून मोकळा सोडणं कुठल्याही प्राणिसंग्रहालयाच्या नियमांत बसत नाही. काही पक्षीतज्ज्ञांनी ते तेव्हाच बोलून दाखवलं होतं: हा स्थानिक घुबडांना, ससाण्यांना मारू शकतो आणि त्याचं स्वतःचं आयुष्यही लांबणार नाही. या मंडळींना समाजमाध्यमांवर बरीच बोलणी खावी लागली.

तिसरी वाट निवडली गेली: लक्ष ठेवू, जमलं तर पकडू. त्या घटकेला मला हाच निर्णय रास्त वाटतो. पक्षी खात होता, उडत होता, धष्टपुष्ट होता. घाई करण्यात धोका जास्त होता.

खोट त्या निर्णयात नाही, त्याच्या शेपटात आहे. 'योग्य परिस्थिती' म्हणजे काय, हे जाहीरपणे कुठेच ठरलं नाही. त्यानं पार्क सोडला तर? उंदरांऐवजी कबुतरं खायला लागला तर? काचेच्या इमारतींमध्ये राहायला गेला तर? आजारी दिसला तर पकडायचं हे उघड आहे, पण घुबड आजारपण लपवतं. ते दिसेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. असे उंबरठे आधीच लिहून ठेवले असते, तर नोव्हेंबरात कुणालातरी म्हणता आलं असतं, की आता पुन्हा बैठक घेऊ. तसं झालं नाही. आणि लोकांनी निवेदनाचं पहिलं वाक्य लक्षात ठेवलं, दुसरं विसरून गेले. त्यांच्या लेखी फ्लाको सुटला तो सुटला.

उन्हाळा

मधले महिने चांगले गेले. तो पार्कच्या उत्तर टोकाला सरकला, जिथे गर्दी कमी आणि झाडी दाट. तिथे एक मोठं बांधकाम चालू होतं आणि बांधकाम म्हटलं की उंदीर आलेच. एकशे चारच्या रस्त्याच्या आसपास ईस्ट ड्राइव्हजवळचं एक ओकचं झाड त्याच्या विशेष आवडीचं झालं. दिवसा पानांत बसून राहायचं, अंधार पडला की बाहेर. शहराच्या महापौरांनी त्याच एप्रिलमध्ये उंदीर निर्मूलनासाठी खास अधिकारी नेमला. लोकांनी तिला 'रॅट झार' म्हणायला सुरुवात केली. एकाच शहरात उंदीर मारायला एक सरकारी यंत्रणा आणि एक घुबड, दोघंही कामाला लागले होते. दोघांची पद्धत एकमेकांच्या जिवावर उठणारी आहे, याचा उच्चार तेव्हा फारसा झाला नाही.

दुसरा हिवाळा

३१ ऑक्टोबरला तो पार्कात दिसला आणि मग गायब झाला. आठवडाभरानं, ६ नोव्हेंबरला, सापडला तो थेट मॅनहॅटनच्या दक्षिणेकडच्या वस्तीत, केनकेलेबा हाउसच्या शिल्पबागेत. पार्कापासून कित्येक मैल दूर. तिथून तो परत उत्तरेला आला, पण पार्कात त्याचा जीव रमेना. पार्कच्या पश्चिमेकडच्या वस्तीत त्यानं बस्तान बसवलं. न्यूयॉर्कच्या जुन्या इमारतींच्या गच्चीवर लाकडी पाण्याच्या टाक्या असतात. त्यांच्या टोकावर बसून तो रात्र रात्र हुंकार घालायचा. कधी कुणाच्या खिडकीच्या कट्ट्यावर बसून आत डोकावायचा. त्याचे हे फोटो जगभर गेले: शेंदरी डोळे, कानांसारखे उभे पिसांचे झुबके, आणि मागे कुणाच्यातरी स्वयंपाकघरातला दिवा.

तो पार्क सोडून का गेला, यावर तऱ्हेतऱ्हेचे तर्क झाले. मला सर्वांत पटणारं कारण अगदी साधं आहे. शृंगी घुबडांचा जोडी जमवण्याचा हंगाम शरदाच्या शेवटी सुरू होतो आणि हिवाळाभर चालतो. नर उंच जागा गाठतो आणि हुंकार घालतो, इलाका माझा आहे हे सांगायला आणि मादीला बोलवायला. पहिल्या हिवाळ्यात फ्लाको जगायला शिकत होता. दुसऱ्या हिवाळ्यात पोट भरलेलं, अंगात ताकद आलेली, तेव्हा शरीरानं पुढचा पाठ काढला. जातीनं कड्यांवर राहणारा पक्षी; पार्कातल्या ओकपेक्षा तेरा मजली इमारत त्याला कड्यासारखी वाटली तर नवल नाही. मादी शोधत तो आणखी उंच आणि आणखी दूर गेला असणार. त्याच्या जातीची मोकळी मादी त्या अख्ख्या खंडावर सापडणं जवळपास अशक्य होतं.

याचा परिणाम आहारावर झाला. पार्कातले उंदीर मागे पडले आणि कबुतरं पुढ्यात आली. इमारतींच्या तळघरांतून, मागच्या बोळांतून मांडलेल्या विषाच्या पेट्याही जवळ आल्या. पार्कच्या हद्दीत काय ठेवायचं ते एक संस्था ठरवू शकते; पार्कबाहेर प्रत्येक इमारतीचा मालक आणि त्याचा पेस्ट कंट्रोलवाला आपापलं ठरवतो.

१६ जानेवारी २०२४ ला शहरात जवळजवळ दोन वर्षांनी, मोजून ७०१ दिवसांनी, एका दिवसात इंचभर बर्फ पडला. २ फेब्रुवारीला त्याच्या सुटकेची वर्षपूर्ती झाली, कौतुकाचे लेख आले. त्यानंतर काही दिवसांनी त्या भागातल्या लोकांना रात्री हुंकार ऐकू येईनासे झाले. २३ फेब्रुवारीच्या संध्याकाळी वेस्ट एटीनाइन्थ स्ट्रीटवरच्या एका इमारतीच्या आवारात तो सापडला. वाइल्ड बर्ड फंड या पक्षी रुग्णालयाची माणसं धावून गेली, पण उशीर झाला होता.

अहवालात काय होतं

पहिला अहवाल दुसऱ्याच दिवशी आला. जोराचा आघात. छातीच्या हाडाखाली आणि यकृताभोवती मोठा रक्तस्राव, डाव्या डोळ्यामागे थोडं रक्त. हाडं शाबूत. वजन १.८९ किलो, पिंजऱ्यात शेवटचं वजन घेतलं होतं तेव्हा ते १.९३ होतं. म्हणजे उपाशी नव्हता. लोकांनी ताबडतोब निष्कर्ष काढला: काचेला धडकला. न्यूयॉर्कच्या पक्षीसंस्थेच्या अंदाजानुसार त्या शहरात दरवर्षी ९० हजार ते २ लाख ३० हजार पक्षी इमारतींना धडकून मरतात, त्यामुळे हे सहज पटण्यासारखं होतं.

२५ मार्चला पूर्ण अहवाल आला आणि चित्र पालटलं. दोन गोष्टी सापडल्या. एक, कबुतरांमधला हर्पिसचा विषाणू. निरोगी कबुतराला तो फारसा त्रास देत नाही, पण ते कबुतर खाणाऱ्या घुबडाच्या शरीरात तो धुमाकूळ घालतो. फ्लाकोची प्लीहा, यकृत, आतडी, अस्थिमज्जा आणि मेंदू, सगळीकडे त्याची लागण पसरली होती. दुसरं, रक्त गोठू न देणारी चार वेगवेगळी उंदीरनाशकं. आघात झाला नसता तरी एवढ्यानं तो मेलाच असता, असं डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलं. बॅरीच्या अहवालाची ही जवळजवळ कार्बन कॉपी: वरवर अपघात, आत विष.

हे विष काम कसं करतं ते समजून घेणं गरजेचं आहे, कारण सगळी गुंतागुंत तिथेच आहे. रक्त गोठवणारे घटक यकृतात तयार होताना के जीवनसत्त्व लागतं, आणि वापरलेलं जीवनसत्त्व शरीर पुन्हा पुन्हा कामाला लावतं. वॉरफरिन आणि त्याच्या पुढच्या पिढीतली ब्रोमाडिओलोन, ब्रोडिफॅकमसारखी औषधं ही पुनर्वापराची साखळी तोडतात. शिल्लक संपेपर्यंत उंदराला काहीच होत नाही. मग आतल्या आत रक्तस्राव सुरू होतो आणि तो मरतो, पण त्याला तीन-चार दिवस किंवा जास्तही लागतात. उशिरा मरणं हीच या औषधाची खुबी. खाल्ल्या खाल्ल्या मेला असता तर बाकीच्या उंदरांनी त्या आमिषाला तोंड लावलं नसतं.

या तीन-चार दिवसांत उंदीर तेच आमिष पुन्हा पुन्हा खातो, सुस्तावतो, भर उजेडात उघड्यावर फिरतो. शिकाऱ्याला याहून सोपं सावज ते कोणतं! आणि नव्या पिढीतली औषधं खाणाऱ्याच्या यकृतात महिनोन्‌महिने टिकतात. एका उंदरातून येणारी मात्रा थोडी असली तरी रोजच्या रोज साठत जाते. एकाच पक्ष्यात चार वेगवेगळी औषधं सापडली याचा सरळ अर्थ असा, की ती एका ठिकाणची नाहीत. निरनिराळ्या आवारांत निरनिराळ्या लोकांनी ठेवलेली आहेत. मग दोष कुणाच्या नावावर लिहायचा? प्रत्येकानं परवानगी असलेलंच औषध, परवानगी असलेल्या पद्धतीनंच ठेवलेलं असू शकतं.

मग पकडायला हवं होतं का?

मी या केसवर विचार करताना पुन्हा पुन्हा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्याशी येतो. फेब्रुवारीत घेतलेला निर्णय पार्काच्या भरवशावर होता: एवढी मोठी झाडी, मुबलक उंदीर, त्यातल्या त्यात सुरक्षित जागा. तो पार्कबाहेर पडला त्या दिवशी तो आधारच गेला. त्या वेळी निदान चर्चा तरी व्हायला हवी होती. शिल्पबागेत तो दिवसभर बसून होता. तो हाती लागला असता की नाही, हे सांगता येत नाही. पुन्हा पिंजऱ्यात टाकणं क्रूर झालं असतं, असं म्हणणारेही चुकीचे नाहीत. पण त्याच जुन्या बसथांब्यात त्याला टाकायलाच हवं होतं असं कुठे आहे? मोठ्या पक्षीगृहात हलवता आलं असतं. तेरा वर्षं तसल्या खोक्यात असा पक्षी ठेवणं हीच मूळ चूक, ती मात्र सगळ्या कौतुकात थोडक्यात सुटली.

लोकांच्या प्रेमाचं काय? त्यानं दोन कामं केली. रोज कुणी ना कुणी बघत असल्यामुळे फ्लाकोची जितकी नोंद झाली, तितकी शहरात राहणाऱ्या क्वचितच एखाद्या शिकारी पक्ष्याची झाली असेल: काय खाल्लं, कुठे झोपला, कधी ओरडला. दुसरीकडे याच प्रेमापोटी त्याला परत आणण्याचा विचार बोलून दाखवणंही अवघड झालं. ठिकाण जाहीर करावं की नाही यावर पक्षीनिरीक्षकांत कायम दोन तट होते. घुबडाची जागा ताबडतोब जगजाहीर करू नये हा जुना संकेत आहे, आणि मला तो पाळण्यासारखाच वाटतो. फ्लाकोच्या बाबतीत तो पहिल्या रात्रीच मोडला होता.

३ मार्च २०२४ ला त्याच्या आवडत्या ओकखाली शेकडो लोक जमले. चित्रं, पत्रं, फुलं, लोकरीची छोटी घुबडं यांचा ढीग झाला होता. कामाच्या गोष्टीही झाल्या. इमारतींच्या काचा पक्ष्यांना दिसतील अशा असाव्यात, या राज्यपातळीवरच्या प्रस्तावाला त्याचं नाव दिलं गेलं. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या नगर परिषदेनं 'फ्लाकोचा कायदा' मंजूर केला: उंदरांना विष घालण्याऐवजी संततिनियमनाचं औषध देऊन त्यांची संख्या आटोक्यात येते का, याची निवडक भागांत चाचणी. दृष्टिकोन चांगला आहे, पण शहरभर पसरलेल्या विषाच्या पेट्यांना त्यानं हात लावलेला नाही. जाळी कापणाऱ्याला अटक झाल्याचं आजवर जाहीर झालेलं नाही.

आपल्या बाजूनं पाहताना

फ्लाकोचा सख्खा चुलतभाऊ आपल्या दख्खनच्या पठारावर राहतो. भारतीय शृंगी घुबडाला पूर्वी त्याच जातीची उपजात मानत. ओढ्याकाठच्या दरडी, बंद पडलेल्या खाणी, टेकड्यांचे उघडे कडे ही त्याची घरं, आणि शहरं पसरत गेली तशी यातली बरीच ठिकाणं आता वस्तीच्या कुशीत आली आहेत. डॉ. सतीश पांडे आणि त्यांच्या इला फाउंडेशननं पुणे परिसरात या घुबडांच्या आहाराचा आणि वीण हंगामाचा अभ्यास केला आहे. खाण्यात मोठा वाटा उंदीर-घुशींचाच. पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरी गावात त्यांनी उलूक महोत्सवही भरवला, घुबडाला अपशकुनी मानणाऱ्या मुलुखात. यांचाही विणीचा हंगाम थंडीतच सुरू होतो. संक्रांतीच्या आसपास पतंगांच्या मांज्यात अडकलेली घुबडं पक्षी बचाव करणाऱ्यांकडे येतात, ती याच काळात.

आणि ब्रोमाडिओलोन आपल्याकडे नवं नाही. शेतातल्या उंदरांसाठी ०.००५ टक्के तीव्रतेची आमिषं वर्षानुवर्षं वापरली जातात आणि शहरांत सोसायट्यांच्या पेस्ट कंट्रोलमध्येही त्याच वड्या येतात. औषधासोबतच्या सूचनांत मेलेले उंदीर गोळा करून पुरावेत असं असतं. ते कोण करतं, हे प्रत्येकानं आपापल्या आवारात डोकावून पाहावं. सोसायटीच्या किंवा वॉर्डाच्या बागेत थंडीत घुबड हुंकारत असेल, तर ठेकेदाराला तीन गोष्टी विचारता येतात: वडीत नेमकं औषध कोणतं, पेटी बंद आहे की उघड्यावर ठेवलेली, आणि आधी कचरा, बिळं, उघडी गटारं यांचं काही केलं का. दाबून मारणारा साधा सापळा चालत असेल तर तो लावा. त्यात मेलेला उंदीर कुणी उचलून नेला तरी त्यात विष नसतं.